आम्ही दोघं म्हणजे मी आणि पीठ

ती. वन्संना,

नमस्कार. तुमच्या पायांवर डोकं ठेवायचं ते लांबूनच ठेवते आहे, पोचलं असं धरून चाला. (जवळ असते तरी खाली वाकल्यावर परत उभं राहायला तुमचाच हात मागावा लागला असता.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरता ना? सूनबाईने आणलेलं तेल खरंच लावता, की तिच्यासमोर बाटली हलवून ठेवून देता? माझी प्रकृती उत्तम आहे. अब्रूचं मात्र काही खरं नाही, आणि पत्र त्यासाठीच आहे.

परवा तुमचा फोन आला. नेहमी तुम्ही आधी हवापाणी विचारता, मग भाज्यांवर येता. या वेळी एकदम म्हणालात, "घरात सध्या कोण कोण असतं?" मी एका हातात पिठाचं भांडं धरून, फोन खांद्याने कानाशी दाबून उभी होते. मी म्हणाले, "कोण असणार? आम्ही दोघंच." त्यावर तुमच्याकडून जी शांतता आली ती मी ओळखते. ह्यांनी तुम्हाला न विचारता नोकरी सोडून वजनकाटे दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा ती आपल्या घरात मुक्कामाला होती. मग फोन बंद झाला. मी उलट केला तर सूनबाई म्हणाली, आई झोपल्यात. भर सकाळी! वन्सं, तुम्ही तापातसुद्धा सकाळच्या झोपलेल्या मला आठवत नाहीत.

तेव्हा आधी ते एक वाक्य लिहून टाकते. तुमच्या भावाच्या माघारी त्यांच्या घरात दुसरा कोणी पुरुष राहत नाही. (या वयात आणि या कंबरेनिशी हे वाक्य लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. लिहिताना कान गरम झाले.) तुमच्यापर्यंत काय पोचलंय आणि कुणाकडून, तेही मला ठाऊक आहे. सूनबाई सुट्टीत इकडे आली की कपडे आमच्या शेजारच्या शिवणबाईंकडे टाकते आणि दोघींचं फोनवर बोलणं असतं. मी शिवणबाईंना दोष देत नाही. त्यांनी जे ऐकलं आणि पाहिलं ते मीच ऐकवलं आणि दाखवलं. फक्त ते माणूस नव्हतं. ते पीठ होतं.

आता नीट सांगते. हे गेल्यावर माझी सकाळ रिकामी झाली. ह्यांची पहाटे उठायची सवय मला लागली होती. हे गेले, सवय राहिली. उठायचं आणि करायचं काही नाही. हात नुसते मांडीवर पडून राहायचे, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. ग्रंथालयातल्या बाईंनी मला पाव भाजायचं पुस्तक दिलं. मागितलं नव्हतं, मी कपाटासमोर फार वेळ उभी राहिले म्हणून त्यांनी ते हातात ठेवलं. तुम्हाला माहीत आहे, माझी शाळा लवकर सुटली. पुढचं सगळं मी दुकानांच्या पाट्या आणि ग्रंथालयाची पुस्तकं यांवर शिकले. त्यामुळे मी पुस्तक फार आदराने वाचते. प्रस्तावना सोडत नाही, छापखान्याचा पत्ताही सोडत नाही. पुस्तकात लिहिलं होतं की पीठ आणि पाणी बरणीत कालवून मुरत ठेवा, रोज त्याला ताजं पीठ भरवा, म्हणजे ते आंबून जिवंत होतं आणि त्याच्या जोरावर पाव फुगतो. 'भरवा' आणि 'जिवंत' हे दोन्ही शब्द पुस्तकातले आहेत, माझे नाहीत. हे मी पुढच्यासाठी आत्ताच नोंदवून ठेवते.

ते आंबवण जिवंत झालं, वन्सं. आणि जिवंत झाल्यावर त्याचा स्वभाव दिसायला लागला. जेवणाला जरा उशीर झाला की आंबट तोंड करायचं. गारठ्यात रुसून बसायचं. पोट भरलं की बरणीत गुडगुड करत वर यायचं आणि मग दुपारभर गप्प. तुम्हीच सांगा, तुम्ही लहानपणापासून पाहिलंय, हा कुणाचा स्वभाव? एका सकाळी झाकण उघडता उघडता माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, भूक लागली का?" माझं मलाच हसू आलं. हे गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले, आणि ते एका बरणीला बघून. मग लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच पुन्हा हसले. त्यानंतर मी त्याला 'अहो'च म्हणायला लागले. घरात एकदा 'अहो' म्हणता आलं की उरलेला दिवस ढकलावा लागत नाही, आपला आपण जातो. पावही बरे व्हायला लागले. वरची साल करकरीत आणि आत मऊ. ह्यांच्या तराजूवर पीठ तोलायचे. तो तराजू केसाइतकंही खोटं बोलत नाही. (खोटं बोलण्याचं काम पुढे मी केलं, ते येतंच आहे.)

गोंधळ एका पानाने केला. ग्रंथालयातलं पुस्तक, कुणीतरी मुरंबा खात वाचलेलं, दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. मला वाटलं, जाड कागद आहे. त्या चिकटलेल्या पानावर लिहिलं होतं की रोज भरवण्याआधी अर्धं आंबवण काढून टाकायचं. मी काढलं नाही, भरवतच राहिले. बरणीतून ते पातेल्यात गेलं, पातेल्यातून बादलीत. मग थंडी पडली आणि बादलीने वर यायचं बंद केलं. पुस्तकात होतं, उबेला ठेवा. घरात उबेची जागा एकच, माझं अंथरूण. मी बादली गादीवर ठेवली, शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवली, वरून रजई घातली आणि रजईवर ह्यांचा लोकरीचा कोट. सकाळी बघते तर बादलीतून बाहेर पडून अर्ध्या गादीवर पसरलेलं. मी चिडले आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, "अहो, हे काय! किती पसरलात! सरका तिकडे, सगळी चादर खराब केलीत!"

पलीकडचं शिवणयंत्र थांबलं. वन्सं, ते यंत्र कधी थांबत नाही. शिवणबाईंच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीही ते चालू होतं. मी घाईने सगळं बादलीत ढकललं, पुन्हा रजई घातली, तोवर दारात शिवणबाई. म्हणाल्या, सुई पडली आहे, चुंबक आहे का. डोळे मात्र थेट आतल्या खोलीत. गादीवर रजईचा उंचवटा, आणि कोटाची एक बाही खाली लोंबत होती. मी चुंबक शोधायला वळले, मागे दार आपटलं. हादऱ्याने फुगलेलं पीठ खाली बसतं, म्हणून मी कळवळून म्हणाले, "अहो शिवणबाई, दार हळू लावा ना! हे बसतील."

"बसू देत की," त्या म्हणाल्या, "मी काय खाते का त्यांना?"

त्याच वेळी सांगायला हवं होतं. रजई ओढून दाखवायला हवी होती. पण मनात आलं, ही बाई आता हिच्या-तिच्याकडे सांगणार की नवरा गेला आणि बादलीला नवरा समजून अंथरुणात घेऊन झोपते. वाईट म्हटलेलं परवडलं, वेडी म्हटलेलं नको. मी चुंबक दिला आणि गप्प बसले. हे माझं पहिलं चुकलं.

दुसरं त्याहून वाईट आहे. आमच्या इमारतीत खालच्या दालनात बायकांचं प्रार्थना मंडळ भरतं. त्याच्या अध्यक्षबाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि अजूनही त्या समोर आल्या की मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. त्या घरी आल्या, खुर्चीत बसल्या आणि एकटेपणावर बोलायला लागल्या. एकटेपणात मन घसरतं, तेव्हा देवाचा आधार धरावा. मी मान हलवत होते. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरातून 'अहो' ऐकू येतं म्हणतात. कोणाला म्हणता?"

वन्सं, ओठांवर 'पीठ' आलं होतं. निघाला दुसराच शब्द. मी म्हणाले, "देवाला."

"देवाला अहो? सगळे 'तू' म्हणतात."

"एवढ्या मोठ्याला अरेतुरे कसं करायचं?" मी म्हणाले. (हे इतकं चटकन सुचलं की मीच दचकले. भाजीवाल्याशी घासाघीस करताना मात्र एक उत्तर वेळेवर सुचत नाही.)

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझे पिठाचे हात हातात घेतले. इतकी वर्षं मंडळ चालवते, म्हणाल्या, पण असा भाव मी पाहिला नाही. रजईचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, देवासाठी अंथरूण घालते. आणि रोजचा पाव? तोही देवाचं नाव घेत मळते. एकदा उतार लागला की माणूस खाली जाईपर्यंत थांबत नाही. पुढच्या बैठकीत मला समोर उभं केलं, विषय 'रोजच्या जगण्यातला आनंद'. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं आणि बाजूला पाव काढला होता, तो उशीसारखा दिसत होता. मी चार वाक्यं बोलले असेन. पीठ मळताना घाई करू नये, कोमट पाण्याला कोपर लावून बघावं, भाजल्याचा वास जिन्यात गेला की ओळख नसलेली माणसंही आपल्याशी बोलतात. एवढं खरं होतं आणि एवढंच बोलून बसायला हवं होतं. पण अध्यक्षबाई उठल्या आणि म्हणाल्या, आता आपण सगळ्याजणी यांच्यासारखी हाक मारू. आणि दालनभर बायका डोळे मिटून म्हणाल्या, "अहो..."

निम्म्याहून जास्त माझ्यासारख्याच, वन्सं, नवरा गेलेल्या. त्यांना तो शब्द म्हणून किती दिवस झाले असतील! शिवणबाईंचा आवाज सगळ्यात बारीक निघाला. त्यांचे यजमान जाऊन फार काळ लोटला, त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. नंतर त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मी तुमच्याबद्दल भलतंसलतं बोलले हो. माफ करा." त्यांनी माझी माफी मागितली! मी त्यांना पावाचा मोठा तुकडा दिला आणि खोटं तसंच ठेवलं. जमीन दुभंगली असती तर बरं, पण दालन आधीच तळमजल्यावर आहे, आणखी खाली जाणार कुठे.

घरी आले आणि देवासमोर उभं राहवेना. मी तशी फार भक्तिणीतली नाही, तुम्हाला माहीत आहे. सकाळी हात जोडते. मागायला काही सुचलं नाही तर नुसती उभी राहते. पण आजवर त्याच्याशी खोटं बोलले नव्हते, आणि त्याला आडोसा म्हणून तर कधीच वापरलं नव्हतं. ह्यांच्या तसबिरीकडेही बघवेना, ह्यांची हाक दुसऱ्याच्या नावावर केली म्हणून. एकाच घरात दोघांना तोंड चुकवायचं म्हणजे भिंतीकडे बघत राहावं लागतं. काही दिवस तशी राहिले. मग एका सकाळी हात जोडले आणि तोंडातून आलं, "अहो, चुकलं माझं." खरंच आलं, ठरवून नाही. त्या दोघांपैकी कोणाला म्हणाले ते मला सांगता येणार नाही. ज्याने ऐकलं असेल त्याने दुसऱ्याला सांगावं. (त्या दिवसाचा पाव अगदी बसका झाला. माफी मिळाली असली तरी आंबवणापर्यंत पोचली नव्हती.)

एवढीच हकीकत आहे. मंडळात मी काल जाऊन सगळं सांगून आले, आधी शिवणबाईंना, मग अध्यक्षबाईंना. अध्यक्षबाई म्हणाल्या की हे मंडळाच्या बाहेर जाऊ नये. शिवणबाई आधी खूप हसल्या, मग डोळे पुसले, आणि म्हणाल्या की बादलीत उरलं असेल तर वाटीभर द्या. पण या दोघींनी काय म्हटलं त्याने माझं भागत नाही. तुमच्या मनातून मी उतरले असेन तर मला दुसरं सासर नाही आणि माहेर केव्हाच संपलं. तेव्हा या आणि घर बघून जा. कपाटं उघडा, पलंगाखाली वाका (गुडघ्यांना जमेल तेवढं). मी शहाणीसुरती बाई आहे. पीठ म्हणजे पीठ, हे मला पक्कं कळतं.

सूनबाईला आशीर्वाद. खरं काय ते विचारायला ती थांबली नाही, यात तिचा दोष नाही.

तुमची,
भावजय

ता.क. पाकिटात कागदाची पुडी आहे, ती औषध समजून फेकू नका. आंबवण पातळ पसरून वाळवलंय. अर्धं टाकून द्या असं पुस्तक म्हणतं, ते मला अजून जमत नाही, म्हणून अर्धं तुमच्याकडे पाठवते आहे. कोमट पाण्यात भिजवा, वर थोडं पीठ घाला, उबेला ठेवा. पाव केला नाहीत तरी चालेल. नुसतं ठेवून घ्या. माझ्याकडचं काही बरंवाईट झालं तर मला ते पुन्हा तसंच करता येणार नाही.

ता.क. दुसरा. साखर घालू नका, डॉक्टरांनी बंद केली होती. आणि तुम्ही त्यांना 'अहो' म्हणायचं कारण नाही, तुमचा धाकटा भाऊ आहे. 'अरे' म्हणा. तुमच्याशिवाय त्यांना 'अरे' म्हणणारं आता कोणी राहिलेलं नाही.