विहीणबाईंच्या गावची गोष्ट

प्रिय आईस,

देवाच्या दयेने आम्ही बहारीनला बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

आपली जॅकलीन बाळंतपणाला फिलिपाइन्सला, सासरच्या खेड्यात जाते आहे. ते गाव कसं वसलं, ते काल विहीणबाईंनी सांगितलं. नऊ शेतकरी कुटुंबं रानात आली, जमिनीवर तांदूळ मांडून ठेवले. सकाळी दाणे हलले नाहीत तर जागा चांगली, अशी त्यांची रीत. हलले नव्हते, म्हणून तिथेच झोपड्या बांधल्या. पहिल्याच पावसाळ्यात तापाने सात मुलं गेली.

“तरी जागा सोडली नाही?”

“मुलं तिथे पुरलेली, मॅगी. त्यांना टाकून कुठे जाणार?”

आता तिथे दवाखाना आहे, काळजी करू नकोस. इथला खर्च वाचेल म्हणून मीच हो म्हटलं होतं. आता रोज रात्री रोझरी घेऊन बसते. जॅकलीनसाठी तूही रोझरी म्हण, पण का ते तिला फोनवर सांगू नकोस.

तुझीच लेक,
मॅगी