आम्ही तिघी चारठाण्यात

चारठाणा,
१२ जून २०२५

चि. पियुष,

अनेक आशीर्वाद. माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण दोन्ही वेळा भाकरी गोड लागते. तुझी आणि मैथिलीची खुशाली कळव.

हेमाची बदली इथल्या शाळेत झाली. सोनपेठचं भाड्याचं घर सोडून आम्ही तिघी इकडं आलो. तुझ्या ईश्वरीचं नाव पाचवीत घातलं. आल्या दिवशीच ती देवळं बघून आली आणि खांबांवरच्या मूर्तींची चित्रं काढत बसली.

पुण्याला कधी येतेस म्हणून तू दर फोनला विचारतोस, मी गुडघ्याचं कारण सांगते. खरं कारण फोनवर जमलं नसतं, म्हणून लिहायलेय.

तुझा आणि हेमाचा घटस्फोट झाल्यापासून मी हेमाकडं पाहुण्यासारखी राहत होते. आता मी तिची कोण? बदलीचा कागद आला तेव्हा मी सोबत यायचं का, हे ना तिनं काढलं ना मी विचारलं. एका दुपारी पुण्याला यायचं म्हणून पिशवी भरली. तेवढ्यात ती शाळेतून आली. पिशवी बघून दारातच थांबली.

जायच्या आधी सांगून टाकावं म्हटलं. तुझं आणि मैथिलीचं मला हेमाच्या सहा महिने आधी कळलं होतं, तूच सांगितलं होतंस. तू ताळ्यावर येशील म्हणून मी गप्प बसले, आणि वर हेमालाच म्हणत राहिले, समजुतीनं घे. हे सगळं तिला सांगितलं.

ती खाली बसली. सून म्हणून आली तेव्हापासूनची हाक तिनं अजून सोडली नव्हती. म्हणाली, "मला ठाऊक होतं, आत्याबाई. त्या वर्षी तुमी माझ्याकडं नीट बघत नव्हता."

"मग मला घरात कशी ठेवलीस?"

"राग लय आला. अजून बी येतो कधीमधी. पण तुमी गेल्यावर मी शाळेतलं कुणाला सांगू? मला तुमी लागता."

मग तिनं माझी लुगडी पिशवीतून काढली आणि स्वतःच्या ट्रंकेत घातली. मी खूप रडले, पियुष. छातीवरचा धोंडा उतरला.

इथं घरमालकीण अंबाबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, तुमचं नातं काय? सोनपेठला मी असल्या प्रश्नाला बगल द्यायचे. इथं सरळ सांगितलं की मुलानं दुसरा संसार मांडला, मी सुनेजवळ राहते. अंबाबाई म्हणाली, बरं केलं. आणि नळाला तीन दिवसांआड पाणी येतं तेवढं सांगून गेली. ज्या प्रश्नाला मी वर्षभर भ्यायले, तो तेवढ्यात मिटला.

तुझ्यावर रागावून इथं राहिले असं समजू नकोस. दिवाळीनंतर आठ दिवस येईन, मैथिलीच्या हातचं खाईन. पण राहायला येणार नाही. ईश्वरीला भेटायचं असेल तर जरूर ये, आधी हेमाला विचार. ती नाही म्हणणार नाही असं मला वाटतं, पण विचारायचं तिलाच.

तुझी आई,
आणि हेमाची आत्याबाई,
रुख्मिणी