चार बोटं, एक अंगठा

३ मार्च, सकाळी ७
आजपासून मुलीची काळजी बंद. ती सत्तावीस वर्षांची आहे. बारा वर्षांपासून प्लेटलेट्स कमी. लोकांच्या दीड लाखाच्या वर असतात, हिच्या चाळीस हजारांच्या आसपास. जरा आपटलं की निळा डाग. डॉक्टर म्हणतात, रक्तस्राव नाही, औषध नको, जगू द्या तिला. मी कुठे अडवतोय? डॉक्टरांना मुलगी नसावी.

३ मार्च, दुपार
मुलगी वेगळी खोली घेऊन राहणार आहे. विचारलं नाही, सांगितलं. मी म्हणालो, उत्तम. बायको म्हणते, उत्तम म्हणताना मी घास न चावता गिळला. तिचं लक्ष नको तिथे असतं.

५ मार्च
डागांची वही बंद केली. चार रकाने: तारीख, जागा, आकार, कारण. गेल्या वर्षी टेबल सात, दार चार, बस तीन, माहीत नाही अकरा. सुतार माणूस, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. वही कपाटात, कपड्यांखाली ठेवली. कुणालाच माहीत नाही.

५ मार्च, दुपार ४
कपाटात वाळवी लागेल म्हणून वही बाहेर काढली.

८ मार्च
मुलीच्या नव्या खोलीची कडी खरंच ढिली होती. तिनेच किल्ली दिली. पिशवीत कानस आणि पॉलिश पेपर होता. तो नेहमीच असतो. कडी पाच मिनिटांत झाली. टेबलाचे कोपरे मात्र फार उद्धट. गोल केले. मग खाटेचे. मग शेल्फ.
घरमालकीण आली. टेबल तिच्या सासऱ्यांचं म्हणे. मी म्हणालो, आता जास्त मॉडर्न दिसतं. तिने मुलीला फोन लावला.

८ मार्च, संध्याकाळ
मुलगी ओरडली नाही. किल्ली परत घेतली. म्हणाली, बाबा, तुझ्या हातात किल्ली राहिली तर उद्या भिंतीही गोल करशील. मी म्हणालो, भिंती गवंड्याचं काम. कोणी हसलं नाही.
मग तिने अट घातली. ८ एप्रिलपर्यंत एकदाही मला सांभाळलं नाहीस, तर किल्ली कायमची तुझी.
सोपं आहे. मी कुठे सांभाळतो?

१० मार्च
गेली. घर मोठं वाटतं. कोपरे सगळे गोल आणि आपटायला कोणी नाही.

१६ मार्च
फोन केला नाही. मिस्ड कॉल म्हणजे फोन नव्हे.

२४ मार्च
तिची रक्ततपासणी होती. लॅबवरून जात होतो, सहज आत डोकावलो. काउंटरवरची बाई म्हणाली, काका, रिपोर्ट ज्याचा त्यालाच. शिस्त आवडली. पंधरा मिनिटांनी दुसऱ्या खिडकीवर पुन्हा विचारून पाहिलं. तिथेही तीच शिस्त.

१ एप्रिल
सात दिवस राहिले. किल्लीसाठी लाकडाची छोटी अडकवणी केली. कडा गोल.

६ एप्रिल
मुलीने आम्हा दोघांना खोलीवर बोलावलं. चहा झाला. टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. निघालो, ती पोचवायला जिना उतरत होती. फोनवर बोलत. एका पायरीचा कोपरा तुटलेला. मला दिसला. दंड धरला.
ती म्हणाली, बाबा, मी रोज उतरते ही पायरी.
म्हणजे पडणार नव्हती. पण पडली असती तर?
धरणं म्हणजे सांभाळणं नव्हे. बायकोला पटलं नाही.

८ एप्रिल
मुलगी जेवायला आली. अर्ध्या बाह्यांचा शर्ट. डाव्या दंडावर निळं. चार बोटं, एक अंगठा. बायकोने माझा हात उचलला आणि डागावर ठेवून पाहिला. अगदी मापात.
मुलगी हसली. दुखत नाही म्हणाली. मग म्हणाली, वही आण. वहीचं तिला पहिल्यापासून माहीत होतं. पेनही तिनेच दिलं. म्हणाली, लिही, वर्षातला सगळ्यात मोठा आहे.
तारीख लिहिली. जागा लिहिली. आकार लिहिला. कारण: माहीत नाही.
तिने ते खोडून 'बाबा' लिहिलं.
किल्लीचं मी काढलं नाही. तिनेही नाही. अडकवणी खिळ्यावर रिकामी आहे.

८ एप्रिल, दुपार ३
ती निघाली. आमचाही जिना आहे, अठरा पायऱ्यांचा. मी वर उभा, दोन्ही हात खिशात. अठराही मोजल्या.
खालून वर न बघता म्हणाली, पोचले, बाबा.