तंबाखूची खोली लेकीच्या नावे

मी, तोताराम आनंदा बोरसे, वय सत्त्याहत्तर, धंदा शेती (पूर्वी तंबाखूची, हल्ली मुलाच्या केळीकडे लांबून बघण्याची), राहणार मौजे सावळखेडे, तालुका शिरपूर, जिल्हा धुळे, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी सकाळी मला तपासले, वार विचारला, नातवंडांची नावे विचारली. मी त्यांना सातवीतली एक कविता चालीवर म्हणून दाखवली. त्यांनी दुसऱ्या कडव्यालाच "पुरे आबा, तुमचे डोके माझ्यापेक्षा चांगले आहे" असे सांगितले. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. यापूर्वी मी असे पत्र केलेले नाही.

वकीलसाहेबांची सूचना होती की कलमांत भावना घालू नयेत. परंतु शाळेत आम्हाला 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' असा प्रश्न असे, आणि नुसती ओळ लिहिली तर गुरुजी गुण देत नसत. त्या सवयीने लिहितो.

कलम १. गट नंबर १४२ ही जमीन माझ्या वडिलांकडून आलेली आहे. तिच्यात माझा मुलगा नीलेश आणि माझी मुलगी भूमिका (सासर रावेर) या दोघांचा हक्क कायद्यानेच आहे. भूमिकाचा हिस्सा तिला देणारा मी कोण? तो तिचा आहेच. जमिनीतला फक्त माझा स्वतःचा हिस्सा मी नीलेशला देतो. तो कष्टाळू आहे. केळीचे घड तो लहान मुलाला उचलावे तसे उचलतो, हे मी पाहिले आहे.

कलम २. राहते घर व त्याखालील जागा मी स्वकष्टाने, तंबाखूच्या उत्पन्नातून घेतलेली आहे. तिची वाटणी करण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. पुढचे घर, ओटा, वरचा मजला व ट्रॅक्टरची शेड नीलेश व त्याची पत्नी कामिनी यांना, दोघांच्या नावे बरोबरीने.

कलम ३. मागची खोली, जिला घरात अजूनही 'तंबाखूची खोली' म्हणतात, ती मी भूमिकाला तिच्या एकटीच्या मालकीने देतो. चतुःसीमा अशी: पूर्वेस नीलेशच्या घराची भिंत, दक्षिणेस हांडे-घागरी घासण्याचा दगड, उत्तरेस अंगणातला कडुनिंब, तो झाडासकट व त्याच्या सावलीसकट भूमिकाचा, पश्चिमेस गल्ली. गल्लीकडे आज खिडकी आहे. ती काढून तेथे दरवाजा बसवण्यास मी मिस्त्रीला सांगितले आहे. त्या दरवाजाची किल्ली भूमिकाजवळ राहील. तिला तिच्या माहेरात शिरण्यासाठी कोणाच्या ओट्यावरून जावे लागू नये.

आता याचे स्पष्टीकरण.

आमच्याकडे लेकीने भावाला हक्कसोड करून द्यायची, म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करायची, आणि भावाने त्या बदल्यात माहेर उघडे ठेवायचे, अशी रीत आहे. असे कोठे लिहिलेले नाही, पण सगळे पाळतात. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भूमिका घरी आली होती. निंबाला झोका बांधलेला, गौराईची गाणी होऊन गेलेली, सांजोऱ्या खाऊन सगळे ओट्यावर बसलेले. तेव्हा नीलेशने कागद काढला.

"सही करी दे ताई. मंग हाई घर तुनंच शे."

"नि नही करी ते?"

"नही करी ते मंग काय... तू तुना घर, मी मना घर."

भूमिका रागावली नाही. तिने सांजोरीचे ताट बाजूला सरकवले आणि म्हणाली, "भाऊ, मायनी बी मामाले सही दियेल व्हती. मंग मामा तिले लेवाले कितला साल उना, सांग बरं?"

नीलेशला उत्तर माहीत होते. मलाही माहीत होते. तिने सही केली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती रावेरच्या गाडीत बसली. तेव्हापासून बहीण-भाऊ बोलत नाहीत.

कलम ४. वरील कारणास्तव, माझे शालक सुकदेव यांच्याविषयी. माझी पत्नी कै. लताबाई हिने लग्नानंतर त्यांना आनंदाने सही दिली. पहिली काही वर्षे आखाजीला तिला न्यायला मुऱ्हाळी येत असे. कधी सुकदेव स्वतः, कधी त्यांचा पुतण्या. पुढे येणे थांबले. लताबाई कोणाजवळ बोलली नाही. मात्र आखाजीच्या आदल्या दिवशी ती लुगड्यांची पेटी आवरायला काढायची, दुपारपर्यंत ओट्यावर बसायची, आणि मग पेटी पुन्हा आत ठेवायची. भूमिका तेव्हा तिच्या मांडीजवळ असे. लेकीने सही का केली नाही, हे गावातल्या ज्यांना समजत नाही त्यांनी एवढेच वाचावे. सुकदेवांना लताबाईच्या माहेरची पितळी घागर परत द्यावी. ते तिच्या दहाव्याला आले होते, ही गोष्ट मी विसरलेलो नाही. पण घागर परत द्यावीच.

कलम ५. अवजारे. तंबाखू जोखायचा मोठा तराजू, पाने कापायचे दोन कोयते आणि माझी तंबाखूची चंची हे सर्व माझे मित्र आधार यांना. चंची रिकामी द्यावी. त्यांच्या सुनेने तसे बजावले आहे. आधार आणि मी चाळीस हंगाम एका शेतात राबलो. तंबाखूचे कापून वाळवलेले पान दव असेपर्यंतच उचलावे लागते. ऊन चढले की हातात चुरा होतो. म्हणून आम्ही पहाटे शेतात असायचो, आणि त्या वेळी मला हमखास कविता आठवायच्या. मी मोठ्याने म्हणायचो. लताबाई पलीकडच्या सरीतून ओरडायची, "कविता ऱ्हाऊ द्या, पान उचला!" आधार हसायचे आणि माझ्या वाट्याची पाने उचलायचे. तंबाखूला फूल येऊ द्यायचे नसते, शेंडा खुडावा लागतो, नाहीतर पान पातळ पडते. तरी बियाण्याच्या नावाखाली मी बांधाकडची गरजेपेक्षा जास्त झाडे फुलू द्यायचो. गुलाबी फुले येतात. हिशेबात ती कधी बसली नाहीत.

लताबाई दातांना भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावत असे. तिच्या जबड्याचे दुखणे निघाले, ती गेली, त्या वर्षापासून मी शेतात तंबाखू लावली नाही. गावात म्हणतात, केळीला भाव आला म्हणून तोतारामने तंबाखू सोडली. तसे नाही, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

कलम ६. बँकेत जे शिल्लक असेल ते सून कामिनी हिला. तिने ते नवऱ्याला न विचारता खर्च करावे. माझ्या शाळेतल्या वाचनपुस्तकांची पेटी भूमिकाला. त्यांतल्या कविता तिला पाठ आहेत, पण कडेला पेन्सिलीने लिहिलेले अर्थ माझे आहेत. या पत्राची अंमलबजावणी कामिनीने करावी.

कलम ७. हे कलम कालपर्यंत वेगळे होते. आज सकाळी ओट्यावर आधार व डॉक्टर यांच्यासमोर मी सर्व वाचून दाखवले. नीलेश केळीच्या बागेतून नुकताच आला होता, हातापायांना चीक. ऐकून म्हणाला, "आबा, तिले जमीन बी, नि खोली बी? गाव मले हसई."

मी म्हणालो, "खोली देऊन माहेर होत नाही, हे मलाही कळते. आखाजीला तिला आणायला कोणीतरी गेले पाहिजे. ते मला कागदावर लिहून देता येत नाही. तू जाशील का?"

तो नखातला चीक काढू लागला.

मग दारामागून कामिनी पुढे आली. आजवर ती माझ्यासमोर मोठ्याने बोललेली नाही. नवऱ्याला म्हणाली, "मना भाऊ बी सहीना कागद लई बठेल शे. तेले नही म्हन, आस तुम्हीच माले सांगं. हायवेनी जमीन शे, पैसा भेटी म्हने. आनि ताईसले उलटं? तुम्ही नका जा. ताईसले लेवाले मी जासू."

आधार खोकत हसले. "बाई माणूस मुऱ्हाळी? आते बठ्ठं नवंच!"

"नवं ते नवं," कामिनी म्हणाली. "रावेर काय काशी शे का?"

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले, मी कामिनीकडे, आणि नीलेश कोणाकडेच नाही. तो उठला, घंगाळातल्या पाण्याने बराच वेळ हात धूत राहिला. चीक पाण्याने जात नाही, हे त्याला चांगले ठाऊक आहे. मग पाठमोराच म्हणाला,

"नि गाडी कोन चालाडी? तुले ते सायकल बी येत नही."

हे तो तक्रार म्हणून बोलला की होकार म्हणून, ते मी विचारले नाही. सबब, मी असे लिहून ठेवतो की दरवर्षी आखाजीला भूमिकाला आणण्यासाठी रावेरला कामिनी जाईल आणि गाडी नीलेश चालवील. हा होकार आहे असे मी धरले आहे. तसे नसल्यास नीलेशने खाली सह्या होण्यापूर्वी सांगावे.

पत्र पुन्हा एकदा पूर्ण वाचले. नीलेश शेवटपर्यंत ओट्यावर बसून होता. तो काही बोलला नाही.

लिहून ठेवणार:
तोताराम आनंदा बोरसे (सही)

तोतारामभाऊंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. आधार महादू सोनवणे, सावळखेडे (सही)
२. डॉ. प्रशील वानखेडे, शिरपूर (सही)

ठिकाण: सावळखेडे, घराचा ओटा
दिनांक: १२ मार्च २०२५, होळीचा आदला दिवस