जोरात वाचायची खोली

प्रिय सोनल,

अक्षरावरून ओळखलं नसशील तर सांगते, मी वंदना. स्टील प्लांटातल्या कोक ओव्हनवाल्या शालिकरामची मोठी पोरगी, शाळेत तुझ्या डब्यातलं लोणचं संपवणारी. तेवीस वर्षं झाली. तुझा नंबर तुझ्या आईकडं, काकूंकडं आहे, पण फोनवर मी अर्धं बोलते अन् अर्धं गिळते, म्हणून लिहून राहिली. शाळेत सगळं हिंदीत शिकलो तरी आपण दोघी भांडायचो मराठीतच, तर हेही मराठीत. काम आहे तुझ्याकडं, खोटं काहून बोलू? माझ्या गुंजनच्या अभ्यासाचं आहे. ती यंदा बारावीले आहे. पण आधी बाकीचं ऐक, नाहीतर काम कळेल अन् कारण राहून जाईल.

सेक्टर ६ मधला आमचा क्वार्टर आठवतो? दोन खोल्या, आमी चार भावंडं. बाबांची नाइट असली की आमी शाळेतून आलो तरी ते झोपलेलेच असायचे. खिडकीवर ओलं पोतं, अन् संध्याकाळपर्यंत घरात चूं नाही. आई कुकरची शिट्टी काढून ठेवायची, डाळ गंजात, उघड्या पातेल्यात, शिजवायची. आमी मुक्यानं अभ्यास करायचो. ओठसुद्धा हलवायची बंदी होती, कारण आमचा शुभम ओठ हलवता हलवता बोलायलेच लागायचा. अशानं झालं काय, मॅडमनं कविता म्हणायले उभं केलं की डोक्यात सगळी कविता असायची अन् तोंडातून शब्द निघायचा नाही. मॅडमले वाटायचं, पोरीनं पाठच केली नाही. मागून तू चिमटे काढायचीस.

मग आठवीत तू मले तुमच्या घरी नेलं. सडकेच्या त्या बाजूले अफसरांचे क्वार्टर. तुले वेगळी खोली, तिले दार, दाराले कडी. तू इतिहासाचं पुस्तक उघडलं अन् स्टेशनवर गाडीची सूचना देतात तशी जोरजोरात वाचायले लागलीस. मी घाबरून तुझ्या तोंडावर हात ठेवला, म्हटलं हळू, कोणी झोपलं असेल. तू हसून लोटपोट झालीस. दिवसा कोण झोपतं, बाबा तर ऑफिसात आहेत, म्हणालीस. मले तोवर माहीतच नव्हतं की दिवसा ज्या घरात कोणी झोपत नाही, असंही घर असते. त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं. माझाच आवाज मले परका वाटला. पण दहावीच्या सहामाहीपर्यंत वर्गात पहिला हात माझा वर जायले लागला. सोने, ते दोन वर्षं आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. अजूनही टेबल फॅनचा आवाज ऐकला की मले तुझी खोली आठवते.

अन् दिवाळीच्या सुट्टीनंतर मी यायची बंद झाली. तू तीनदा विचारायले आलीस. मी म्हटलं, तुमच्या घरी मले करमत नाही. तू कंपासपेटी फेकून मारलीस, खूण अजून आहे कपाळावर. तुले वाटलं, वंदीले मार्क पडले तर शिंगं फुटली.

तसं नव्हतं. सुट्टीत एक दिवस मी आली तेव्हा तू आंघोळीले गेली होतीस. काकूंनी मले स्वयंपाकघरात बोलावलं, हातावर गरम चकली ठेवली अन् म्हणाल्या, "वंदना, तू हुशार आहेस, तू कुठंही अभ्यास करशील. सोनलला मात्र आता एकटीला बसू दे." सहामाहीत गणितात मले चौऱ्याण्णव होते, तुले एकसष्ट. काकू प्रेमानंच बोलल्या गं. मी तर दोन दिवस ते कौतुक समजून मिरवलं. आईलेही सांगितलं. आईनं हाताचं पीठ झटकलं अन् म्हणाली, "उद्यापासून जाऊ नको."

मग बाबा नाइट करून आले की मागच्या अंगणात बदामाखाली खाट टाकून झोपायले लागले, पोरीले जोरात वाचता यावं म्हणून. पण खिडकीतून ते दिसायचे, तोंडावर दुपट्टा घेतलेले, अंगावर ऊन आलेलं. माझा आवाज अजूनच निघेना. बारावीच्या तोंडी परीक्षेत मी सरांसमोर नुसती उभी राहिली. सगळं त्या एका खोलीमुळं गेलं असं मी म्हणत नाही. कोणता फॉर्म कधी भरायचा, हे तुमच्याकडं जेवता जेवता कळायचं, आमाले तारीख गेल्यावर. पण मले राग आला तो त्या वाक्याचा. हुशार पोरीले खोली लागत नाही, असं कोणं सांगितलं?

आता मी रिसालीत गुंजनच्याच शाळेच्या ऑफिसात आहे. माझा नवरा राजकुमार प्लांटमध्येच, पण ठेकेदाराकडं, म्हणजे क्वार्टरही नाही. दोन खोल्या, सासूबाई, अन् राजकुमारची नाइट. मागल्या नोव्हेंबरात बँकेत काकू भेटल्या, पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायले आलेल्या. गुंजन बाकावर पुस्तक घेऊन बसली होती, ओठ गच्च मिटून. काकू तिच्याकडं किती वेळ पाहत राहिल्या. मग मले म्हणाल्या, "ही पण?" मी म्हटलं, होय. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून तिले बोरसीले, त्यांच्या आताच्या घरी, अभ्यासाले बोलावलं.

वर्ष झालं, गुंजन रोज शाळा सुटली की सायकलनं बोरसीले जाते. काकू शेजारी मेथी निवडत बसतात अन् सारखं म्हणतात, मोठ्यानं वाच गं, मला ऐकू येत नाही. पोरगी अख्खं केमिस्ट्री ओरडून वाचते. शेजारच्या सत्यभामाबाई एकदा भांडण समजून धावत आल्या. अन् ऐक, तू त्यांना कानाची मशीन पाठवलीस ना, ती लावत नाहीत म्हणून चिडतेस ना? गुंजनची सायकल दिसली की त्या मशीन काढून डब्यात ठेवतात. मी डोळ्यानं पाहिलं. मागल्या महिन्यात सरांनी तोंडी सराव घेतला, तर गुंजननं अशी खणखणीत उत्तरं दिली की सरांनी मले ऑफिसात येऊन सांगितलं. मी रजिस्टरच्या कपाटामागं जाऊन रडली.

आता काम सांगते. बोरसीचं घर विकून तू काकूंना डिसेंबरात बंगळुरूले नेणार आहेस. दलाल घर पाहून गेला. काकू कधी गुडघे सांगतात, कधी थंडी, अन् तू म्हणतेस, आई म्हातारपणी हट्टी झाली. सोने, त्या हट्टी नाहीत. खरं कारण सांगायचं तर चकलीचा तो दिवस तुले सांगावा लागेल, अन् ते त्यांच्यानं होत नाही. त्यांना मी हे पत्र वाचून दाखवलं, मशीन लावून. ऐकून म्हणाल्या, पाठव. गुंजनची परीक्षा मार्चमध्ये संपते. तोवर घर ठेव. तेव्हा मी काही न बोलता तुमच्या दारातून निघून गेली होती. या वेळी तुझ्याकडं मागून राहिली.

तुझीच, कपाळावर खूण असलेली,
वंदी