काळजाखालचं दुखणं

आई,

जालन्याहून काल गोळ्या आल्या. तीन जातीच्या, चौदा दिवसांच्या, सकाळ-संध्याकाळ. दोन जंतू मारायच्या, एक पोटातलं आम्ल कमी करायची. तुझं होतं तेच दुखणं मलाही आहे, काळजाखाली, कुरतडल्यासारखं. इतकी वर्षं मी त्याला पित्तच म्हणत आले. दुर्बिणीनं पोट तपासलं तेव्हा व्रण निघाला, आणि त्यातच जंतू. डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. म्हणाल्या, “मावशी, हा लहानपणीच शिरला असेल. एका घरात, एका ताटात जेवताना जातो. वर्षानुवर्षं गप बसतो.” मी विचारलं, “मंग माझ्या आईचंही हेच असेल?” “असू शकतं. तपासल्याशिवाय कसं सांगू?” आता तपासायला तू कुठं आहेस. मग मी दुसरं विचारलं, “घास खाल्ला की दुखायचं थांबतं, असं होतं का?” “होतं ना, बऱ्याच जणांना होतं.”

तेव्हापासून हसनाबादचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. संकष्टी आहे, दिवस मावळतोय, आणि तू पिठाच्या डब्याआड बसून कोरड्या भाकरीचा तुकडा चावतेस. मी नुकती मॅट्रिक झालेली, पोथी वाचणारी. “आई, चंद्र निघायचाय अजून! देवाला फसवतेस?” “फसवत न्हाई गं. लई दुखून राह्यलं. घास गेला की थांबतं.” “उपासाच्या दिवशीच बरं दुखतं तुझं!” तू हसलीस. “मास्तरीणच धाडली देवानं माझ्या घरी,” म्हणालीस, पण उरलेला तुकडा टोपल्यात ठेवलास. पुढं कुठल्याच संकष्टीला तू चंद्राआधी खाल्लं नाहीस. पोटाशी तांब्या दाबून भिंतीला टेकून बसायचीस, आणि मी आरती म्हणायचे.

उपासानं जंतू होत नाही, असं बाई म्हणाल्या. माझ्या बोलण्यानंही झाला नाही, हे मला कळतं. पण तू खरं सांगत होतीस आणि मी ते खोटं ठरवलं. देवाची माफी रोज मागते, तुझी कधी मागितली नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मला देवाची काळजी नव्हतीच. मला बघायला आलेली माणसं ओसरीवर बसली होती. त्यांच्यातली एखादी बाई आत आली, तिनं तुला खाताना पाहिलं, तर सोयरीक मोडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सोयरीक झाली. त्याच घरात बसून हे लिहितेय. टपालात टाकणार नाही, पोथीत ठेवीन. तरी उलट टपाली एवढं कळव, त्या संध्याकाळी मग किती वेळ दुखलं?