कर्नल हॉलोवेची सही

४ नोव्हेंबर २०२४
पुन्हा हात हलवत परत! चौकात जुने कागद विकणाऱ्या नय्यरसाहेबांनी तिसऱ्यांदा चहा पाजला, आजोबांच्या पतंगबाजीचा किस्सा ऐकवला. आणि कागद? "कल पक्का." सरहद्दीवर पदकं मिळवलेल्या इंग्रज अफसरांच्या अकरा सह्या जमवल्यात मी. एक बाकी – कर्नल हॉलोवे. नऊ वर्षं शोधतोय! चोवीस तारखेला प्रदर्शन. त्याच्याशिवाय काय अर्धी भिंत दाखवू?

९ नोव्हेंबर
कल. परत कल.

१३ नोव्हेंबर
मिळाला! कुण्या शिपायाला पलटणीतून कमी केल्याचा कागद, १८९३ चा. खाली हॉलोवेची झोकदार सही, शाई अजून काळीभोर. कमलाने चष्मा पुसला आणि तिचा नेहमीचा प्रश्न – कागद कुणाचा आहे? दर वेळी तेच! असेल कुणी शिपाई. मला सहीशी मतलब. प्रिया मोबाइलमधून डोकं न काढता, "पापा, मम्मी ठीक ही तो पूछ रही हैं." इथेच वाढलेली पोर, मराठी सगळं कळतं, बोलायला तेवढं जड जातं. वैताग नुसता.

१६ नोव्हेंबर
अमीनाबादला फ्रेमवाल्याकडे तासभर उभा. वर पुठ्ठा लावून मजकूर झाका, फक्त सही दिसू द्या – एवढं साधं काम! तर म्हणे, साहब, ऊपर किसी का नाम लिखा है, वो भी ढक दें? हाही कमलाच्याच पार्टीचा! ढक दो म्हटलं.

१९ नोव्हेंबर
कमलाने कागदाचा फोटो काढून ठेवला होता. आज जेवताना मोठा करून समोर धरला. म्हणाली, "वाचा."
शिपाई भिकनाक रतननाक. जात महार. गाव राजापूरजवळचं. सरहद्दीवर जखमी. वर्तणूक उत्तम. कमी करण्याचं कारण – या जातीची आता गरज नाही.
इंग्रजांनी आपल्या लोकांना पलटणीची दारं बंद केली, हे बाबांकडून लहानपणीच ऐकलेलं. पण त्या कागदांवर कुणीतरी बसून एकेक सही केली असेल, आणि तीच मी नऊ वर्षं शोधत फिरेन, हे डोक्यात कधी आलंच नाही. लाज वाटली. पोळी ताटात तशीच राहिली.

२० नोव्हेंबर
फ्रेमवाल्याला फोन केला. नाव उघडं ठेवा म्हटलं. सही झाका.